सिंधूला कोण विचारणार?

"तुमच्याकडे दारूबंदी आहे ना गं?" मी बडोद्याची आहे हे कळलं की कॉलेजमध्ये पहिला प्रश्न हा येतो. माझं उत्तरही ठरलेलं. "आहे ना! फक्त फोन केला की वीस मिनिटांत घरपोच येते." मग सगळे हसतात, मीही हसते. तीन वर्षं हा विनोद मी कँटीनमध्ये वापरला. या दिवाळीच्या सुट्टीनंतर तो माझ्याने करवत नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

आमचं घर फतेगंजला. ज्यांनी बडोदा पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या इंग्रजी कॅम्पाला लागून असलेला हा भाग. विद्यापीठाची होस्टेलं जवळ, त्यामुळे संध्याकाळी खाण्याच्या लाऱ्यांवर पोरांची ही गर्दी. चर्च आहेत, शाळा आहेत, आणि एकाच गल्लीत गुजराती ख्रिस्ती, मल्याळी, पंजाबी आणि गायकवाडांच्या राज्यात येऊन इथलीच झालेली आमच्यासारखी मराठी घरं. घरात आई, बाबा, दादा आणि वहिनी. वहिनी नाशिकची. दिवाळीला मी घरी पोचले तेव्हा तिला तिसरा महिना लागला होता आणि घरात नुसता आनंद होता.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आम्ही दोघी गच्चीवर बसलो होतो. खाली फटाके चालले होते. वहिनी एकदम म्हणाली, "तुला एक सांगू? आईंना बोलू नकोस." मग तिने सांगितलं. काही आठवड्यांपूर्वी दादाच्या मित्रांचा ग्रुप दमणला गेला होता. (बडोदेकर दमणला समुद्र बघायला जातात असं सगळे म्हणतात. दमणला दारूबंदी नाही, हे कुणी म्हणत नाही.) दोन संध्याकाळी तिने बिअर घेतली, परत आल्यावर एका वाढदिवसाला वाईन. पाळी चुकल्याचं तिच्या लक्षात आलं ते त्यानंतर. "मला काय माहीत होतं गं! कळल्यापासून एक थेंब घेतलेला नाही. पण रात्री झोप लागत नाही. फोनवर काहीबाही वाचत बसते. माझ्यामुळे बाळाला काही झालं असेल का?"

मी काय म्हणाले माहितेय? "छे गं, एवढ्याशाने काय होतंय!"

मला या विषयातलं शष्प कळत नव्हतं. तरी मी अगदी खात्रीने बोलले, कारण तिला बरं वाटावं असं मला वाटत होतं. खरं तर मला स्वतःला तो विषय संपवायचा होता. ती गप्प झाली. त्या गप्प होण्याचा अर्थ मला नंतर कळला. सांगायला तिच्याकडे एकच माणूस उरलं होतं आणि त्या माणसाने दार लावून घेतलं होतं.

दवाखान्यात तरी सांगितलंस का, असं मी विचारलं. ती हसली. पहिल्या भेटीत काउंटरवरच्या मुलीने फाइल भरली. नाव, वय, रक्तगट, आधीचे आजार. मग मान वर न करता, "तंबाखू नाही, दारू नाही," असं स्वतःच म्हणत तिने दोन फुल्या मारल्या. प्रश्न आणि उत्तर दोन्ही तिचीच. शेजारी आई बसल्या होत्या. "आईंच्या समोर मी काय बोलणार होते?" वहिनी म्हणाली.

माझा मुद्दा या दोन फुल्यांचा आहे. गरोदरपणात दारू किती वाईट, हे सांगणारे लेख शोधले तर मिळतात. पण गरोदर बाईला हा प्रश्न कुणी नीट विचारतच नाही. आणि जोवर विचारत नाही, तोवर बाकीची सगळी माहिती भिंतीवरच्या तक्त्यासारखी लटकत राहते.

आपलं हे वाङ्मय मंडळ आहे, म्हणून आधी एक वाङ्मयीन गोष्ट. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले. त्यांचं 'एकच प्याला' रंगभूमीवर आलेलं त्यांना पाहायला मिळालं नाही. गंधर्व नाटक मंडळीने त्याचा पहिला प्रयोग पुढच्याच महिन्यात, २० फेब्रुवारी १९१९ ला केला, तो आमच्या बडोद्यात. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व. मराठी माणसाला दारूबद्दल जे काही वाटतं, त्यातलं अर्धंअधिक या नाटकाने ठरवलंय. आपण आजही दारुड्याला 'तळीराम' म्हणतो, तो याच नाटकातला. सुधाकर पितो, सिंधू दळण दळते, आणि पिऊन आलेल्या बापाच्या हातून त्यांच्या तान्ह्या मुलाचा जीव जातो.

शंभर वर्षं हेच चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. प्याला पुरुषाच्या हातात, बाई सोसणारी, आणि मुलाला जे काही होईल ते बापामुळे. यात खोटं काही नाही. आजही बहुतेक घरांत हेच घडतं. दारूविरुद्ध उभ्या राहिलेल्या बायकाही आपण पाहिल्यात. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती लोकांच्या, विशेषतः बायकांच्या रेट्यामुळे. महाराष्ट्रात गावोगाव बायकांनी मतदान करून 'बाटली आडवी' केली. म्हणजे आपल्याकडे बाई एक तर दारूने गांजलेली असते, नाहीतर दारूशी लढणारी. दारू घेणारी बाई या चित्रात कुठेच बसत नाही. बसली तर ती सिनेमातली वाईट बाई. मग काउंटरवरच्या त्या मुलीने न विचारता फुली मारली यात तिचं तरी काय चुकलं? तिच्यासमोर सिंधू बसली होती. सिंधूला कुणी असं विचारतं का?

दुसऱ्या दिवशी मी आमच्या शेजारच्या मावशींकडे गेले. त्या निवृत्त नर्स. अनेक वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढलेली. दर रविवारी चर्चला न चुकता जाणाऱ्या, आणि गुजराती-मराठीची अशी खिचडी बोलणाऱ्या की ऐकत राहावं. मी "माझी एक मैत्रीण आहे" अशी सुरुवात केली. मावशी अर्थातच समजल्या, पण तसं दाखवलं नाही. त्यांनी मला पुढचे दोन तास जे सांगितलं, आणि नंतर मी लायब्ररीत बसून जे पडताळून पाहिलं, ते थोडक्यात असं.

आईने घेतलेली दारू नाळेतून, म्हणजे वारेतून, सरळ बाळाच्या रक्तात जाते. वार बऱ्याच गोष्टी अडवते, दारू अडवत नाही. तास-दीड तासात बाळाच्या रक्तातलं प्रमाण आईच्या जवळपास पोचतं. आईचं यकृत दारूचा निचरा करतं. बाळाचं यकृत त्या कामाला अजून तयारच झालेलं नसतं. त्यामुळे आईच्या शरीरातून उतरेल तशीच ती बाळाच्या शरीरातून उतरते. शिवाय बाळाच्या भोवतीच्या पाण्यातही ती उतरते आणि तेच पाणी बाळ पुन्हा गिळतं.

फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लमोआन नावाच्या डॉक्टरांनी १९६८ साली दारू पिणाऱ्या आईबापांच्या १२७ मुलांची हकिगत छापली. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मग १९७३ साली अमेरिकेत सिअ‍ॅटलला केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी वाढ खुंटलेली, चेहऱ्याची ठरावीक ठेवण असलेली मुलं तपासली आणि या अवस्थेला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' असं नाव दिलं. आज या संपूर्ण गटाला 'एफएएसडी' म्हणतात, कारण चेहऱ्यावर दिसणारी लक्षणं फार थोड्या मुलांत असतात. बाकीची मुलं दिसायला तुमच्या-आमच्यासारखीच. फरक मेंदूत असतो. लक्ष टिकत नाही, काल पाठ झालेलं आज आठवत नाही, गणित आणि वेळेचा हिशेब जमत नाही, 'असं केलं तर असं होईल' ही साखळी जुळत नाही. शाळा अशा मुलाला 'ढ' म्हणते, घर 'मस्तीखोर' म्हणतं, आणि ते मूल मार खात मोठं होतं. हे आयुष्यभर राहतं. औषधाने बरं होत नाही. मात्र लवकर ओळखलं आणि घरात माया आणि शिस्तीचा ठरलेला दिनक्रम मिळाला, तर पुढचं आयुष्य पुष्कळ सुधारतं, हेही तितकंच खरं.

आता 'एवढ्याशा'ची गोष्ट. आपल्याकडे समज असा की व्हिस्की म्हणजे दारू, बिअर म्हणजे थंड पेय आणि वाईन म्हणजे द्राक्षाचा रस. २०२२ साली महाराष्ट्रात सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचं घाटत होतं, तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असं किती ठासून सांगितलं गेलं ते आठवत असेल. साधा हिशेब करू. ३० मिलीच्या छोट्या पेगात शुद्ध अल्कोहोल साधारण १० ग्रॅम. ५ टक्क्यांच्या बिअरच्या ३३० मिली पिंटमध्ये १३ ग्रॅम. वाईनच्या १५० मिली ग्लासात १४ ग्रॅम. आणि ८ टक्क्यांच्या 'स्ट्राँग' बिअरच्या ६५० मिली बाटलीत ४१ ग्रॅम, म्हणजे चार पेग. बाळाला बाटलीवरचं नाव वाचता येत नाही. त्याच्यापर्यंत पोचतं ते अल्कोहोल, आणि ते सगळ्यांत एकच.

मग वहिनीने घेतलेल्या तीन संध्याकाळींचं काय? इथे मावशींनी मला जे शिकवलं ते मी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "बेटा, 'काही होत नाही' हेपण खोटं, अने 'आता संपलं' हेपण खोटं." २०१७ साली जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यातला अंदाज असा, की गरोदरपणात दारू घेतलेल्या साधारण १३ बायकांमागे एका बाळाला एफएएसडी होतो. म्हणजे बाकी १२ बाळांना होत नाही. पण ते एक कोणाचं, हे आधी कुणी सांगू शकत नाही. किती घेतली, कितीदा, एका वेळी किती, कितव्या आठवड्यात, आईचं खाणंपिणं कसं, अशा पुष्कळ गोष्टींवर ते अवलंबून असतं. 'इथपर्यंत चालतं' अशी रेघ आजवर कुणालाही मारता आलेली नाही. म्हणून डॉक्टर सांगतात, एकही घोट नको. आणि ज्या दिवशी थांबाल त्या दिवसापासून फायदा सुरू, कारण मेंदू नऊही महिने घडत असतो. चौथ्या महिन्यात थांबलं तरी फायदा, सातव्यात थांबलं तरी फायदा.

अडचण आहे ती सुरुवातीच्या आठवड्यांची. दिवस गेल्यावर पाळी चुकायलाच दोन आठवडे जातात. मग 'उशीर झाला असेल' म्हणून आणखी थोडे दिवस. तोवर बाळाचं हृदय धडधडू लागलेलं असतं, चेहऱ्याची घडण सुरू झालेली असते. म्हणून 'कळलं की सोडीन' हे पुरेसं नाही. मूल हवं असं ठरवलं किंवा राहण्याची शक्यता असली, तरी तेव्हापासूनच थांबावं लागतं. आणि हे लग्नाआधीच कळायला हवं. म्हणजे तुम्हा-आम्हाला, आत्ता, या वयात.

गंमत बघा. आपल्याकडे गरोदर बाईला काय करू नको हे सांगणाऱ्यांची वाण नाही. पपई खाऊ नको. ग्रहणात भाजी चिरू नको. तिन्हीसांजेला बाहेर बसू नको. वहिनीला या सगळ्या सूचना पहिल्या आठवड्यातच मिळाल्या होत्या. या एवढ्या लांब यादीत जी एक गोष्ट खरोखर बाळाचा मेंदू बिघडवू शकते, तीच नाही! उलट आमच्या आत्याने फोनवर सांगितलं, "थंडी आहे, सर्दी झाली तर चमचाभर ब्रँडी गरम पाण्यात दे. आमच्या वेळी देत." काही घरांत रक्त वाढावं म्हणून पोर्ट वाईन सांगतात. आत्याला हसायचं कारण नाही. १९६०-७० च्या दशकांत वेळेआधी कळा सुरू झाल्या तर त्या थांबवण्यासाठी मोठमोठ्या इस्पितळांत अल्कोहोलचं सलाइन लावत असत! डॉक्टरच लावत होते, तर आत्याने चमचाभर सांगितलं यात तिचा काय दोष? फक्त डॉक्टरांनी ते सोडून जमाना झाला, आणि आत्याला ते कुणी कळवलं नाही. असंच आसव-अरिष्टांचं. आंबवून केलेल्या या औषधांत अल्कोहोल आपोआप तयार होतं, ते लेबलवर लिहिलेलंही असतं. गरोदर असल्याचं सांगून वैद्यांना विचारल्याशिवाय तीही घेऊ नयेत. खोकल्याच्या औषधांचं लेबलही एकदा वाचावं.

लेबलावरून आठवलं. आपल्या देशात २०१९ पासून दारूच्या प्रत्येक बाटलीवर एक ठरलेला इशारा असतो. दारू आरोग्याला घातक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका, एवढाच त्याचा मतलब. बाटलीला गाडीवाला दिसतो, गर्भवती दिसत नाही. अमेरिकेत १९८९ पासून बाटलीवर गरोदर बायकांसाठी इशारा आहे. फ्रान्समध्ये २००७ पासून आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने २०२० साली ठरवलं आणि २०२३ पासून सक्तीचं केलं. आपल्याकडे एक ओळ वाढवायला काय हरकत आहे? आपल्या प्रत्येक सोनोग्राफी सेंटरात 'इथे गर्भलिंग तपासणी होत नाही' ही पाटी लागते. कायद्याने लावायला लावली म्हणून लागली. म्हणजे पाटी लावता येते.

"पण आपल्याकडे बायका पितातच कुठे?" हा आक्षेप मला इथे ऐकू येतोय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरच्या बायकांपैकी साधारण १ टक्का बायकांनी दारू घेत असल्याचं सांगितलं. पुरुषांत १९ टक्के. एक टक्का म्हणजे देशभरात पन्नास लाखांच्या आसपास बायका. शिवाय हे 'सांगितलं' म्हणजे घरी आलेल्या अनोळखी माणसाला सांगितलं. माझी वहिनी या पाहणीत काय म्हणाली असती? 'नाही.' दमणला गेलेल्या ग्रुपमधल्या बाकीच्या चौघीजणी? 'नाही.' ईशान्येकडच्या काही राज्यांत, आदिवासी पट्ट्यांत बायकांनी घरची दारू घेण्यात लपवण्यासारखं काही मानत नाहीत, म्हणून तिथले आकडे मोठे दिसतात. मग आपण 'हा त्यांचा प्रश्न' म्हणून मोकळे होतो. आपल्या घरातला आकडा लहान दिसतो, कारण तो दाराआड असतो.

आणि गुजरातमध्ये तर त्या दाराला कायद्याची कडी आहे. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९६० साली गुजरात वेगळा झाला तेव्हा इकडे आला आणि राहिला. मी बंदीच्या विरोधात नाही. ज्या घरात सुधाकर आहे, तिथल्या सिंधूला बंदीचा आधार वाटतो, हे मी आमच्या गल्लीतही पाहिलंय. पण बंदीची एक किंमत आहे ती कुणी मोजत नाही. इथे घोटभर घेतली हे डॉक्टरांना सांगणं म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखं वाटतं. 'बंदी आहे म्हणजे प्रश्न नाही' असं सरकारपासून काउंटरवरच्या मुलीपर्यंत सगळ्यांनी धरून चाललेलं. पुरुषाला पोलिसाची भीती. बाईला पोलिसाची, सासूची आणि शेजाऱ्यांची. आणि जिला खरोखर व्यसन लागलंय तिची अवस्था तर विचारूच नका. तिने भीतीपोटी एका दिवसात दारू तोडली, तर हातपाय थरथरणं, झटके येणं, असं काहीही होऊ शकतं आणि ते तिला आणि बाळाला, दोघांनाही धोक्याचं. तिला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते. पण देखरेखीसाठी आधी सांगावं लागतं, आणि सांगायची तर सोय नाही.

मावशींना मी म्हटलं, तुम्ही वॉर्डात काय करत होतात? त्या म्हणाल्या, "पहिली काही वर्षं आम्हीपण तेच. 'पीए छे?' असं डोळे वटारून विचारायचं. कोण हो म्हणेल? मग एका मोठ्या डॉक्टरबाईंनी शिकवलं." त्यांनी शिकवलेली रीत अशी. घरच्यांना चहा प्यायला बाहेर पाठवायचं. सगळ्यांना विचारतो तसंच तुलाही विचारते, असं आधी सांगायचं. मग सुरुवात लांबून. माहेरी वडील घ्यायचे का? नवरा घेतो का? लग्नाआधी तू कधी घेतली होतीस का? आणि शेवटी, दिवस गेल्याचं कळायच्या आधी, त्या महिन्याभरात कधी? 'कळायच्या आधी' या शब्दांत सगळी जादू आहे, असं त्या म्हणाल्या. त्यात आरोप नाही. न कळता झालेल्या गोष्टीची कबुली द्यायला माणूस घाबरत नाही. पुढे मी वाचलं, तर जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१४ साली हेच सांगितलेलं आहे, की प्रत्येक गर्भवतीला, शक्य तितक्या लवकर आणि प्रत्येक भेटीत, दारू आणि इतर नशेबद्दल विचारावं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. चेहरा बघून नाही, कपडे बघून नाही, जात-धर्म बघून तर नाहीच.

उठता उठता मावशींनी बायबलमधली एक गोष्ट सांगितली. 'शास्ते' नावाच्या पुस्तकात शमशोनाच्या आईची कथा आहे. मूल होत नसलेल्या त्या बाईला देवदूत सांगतो की तुला मुलगा होईल, तेव्हा द्राक्षारस आणि मद्य पिऊ नकोस. तिथे कारण वैद्यकीय नाही, मुलाच्या व्रताचं आहे, हे मावशींनाही ठाऊक आहे. त्यांना आवडतो तो पुढचा भाग. बाई घरी येऊन नवऱ्याला, मानोहाला, सांगते. तो बायकोची उलटतपासणी घेत नाही. तो देवाला विनवतो की त्या माणसाला पुन्हा पाठव, जन्मणाऱ्या मुलासाठी *आम्ही* काय करायचं ते आम्हाला शिकव. "आम्ही," मावशी म्हणाल्या, "त्या बाईचं नावसुद्धा पुस्तकात नथी. पण नवरा 'आम्ही' म्हणाला. आपल्याकडे कुणी 'आम्ही' म्हणतं का? सगळं 'तू' असतं. तू खाऊ नको, तू पिऊ नको."

त्या संध्याकाळी मी वहिनीची माफी मागितली आणि मावशींनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं, तेरापैकी बाराही आणि तेरापैकी एकही. ती रडली. मग म्हणाली, "निदान कुणीतरी खरं बोललं." दादालाही तिनेच सांगितलं. तो पहिल्यांदा चिडला, "मग दमणला बोलली का नाहीस?" तिला तेव्हा माहीतच नव्हतं, हे त्याच्या लक्षात यायला अर्धा तास लागला. आणि ग्लास भरून पुढे केला होता तो आपणच, हे लक्षात यायला आणखी एक दिवस. पुढच्या भेटीला आईऐवजी तो गेला. फाइलवरची फुली खोडून घेतली. डॉक्टरांनी रागावलं नाही. तारखा लिहून घेतल्या, बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवू म्हणाल्या, आणि जन्मानंतर मुलांच्या डॉक्टरांनाही हे सांगा म्हणाल्या. दहा मिनिटांचं काम. त्यासाठी वहिनीने दोन महिने झोप घालवली होती. दादाने दारू सोडलीय असं मी म्हणणार नाही. पण घरात आणणं बंद केलंय आणि मित्रांसमोर "आम्ही सध्या घेत नाही" असं म्हणतो. 'आम्ही' हा शब्द त्याने कुठून उचलला ते त्याला माहीत नाही.

आता आपल्यासाठी. आपण कॉलेजची पोरं, आपल्या हातात कायदा नाही की दवाखाना नाही. पण पार्टीत एखादीने 'नको' म्हटलं तर 'का? गुड न्यूज आहे का?' असं खिदळत विचारणं आपण बंद करू शकतो. तिला नको असेल, तेवढं कारण पुरे. वर्गातल्या एखाद्या 'ढ' मुलाच्या आईबद्दल अंदाज बांधणंही बंद करू शकतो, कारण या लेखाचा तसा उपयोग झाला तर मी तो लिहिलाच नसता तर बरं. ज्यांच्या घरात कुणाला दिवस गेलेत त्यांनी तपासणीच्या दिवशी दहा मिनिटं घरच्यांना बाहेर न्यावं. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गर्भवतींची मोफत तपासणी होते. आणि १९९९ पासून ९ सप्टेंबर हा एफएएसडीबद्दलच्या जागृतीचा दिवस म्हणून जगभर पाळतात, नवव्या महिन्याचा नववा दिवस. ही नऊ तारीख आपल्याकडे आयतीच आहे. त्या दिवशी रांगेतल्या प्रत्येकीला तो एक प्रश्न नीट विचारला गेला, तर वेगळी मोहीम लागणार नाही. आणि जिला स्वतःला थांबता येत नाहीये, तिच्यासाठी १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मुंबई-पुण्याकडच्यांना मुक्तांगणचं नाव सांगायला नको. तिथे बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे, हे मात्र कमी जणांना माहीत असतं.

हा लेख पाठवण्याआधी मी वहिनीला वाचायला दिला. तिने दोन ओळी खोडल्या, बाकी राहू दे म्हणाली. तिला आता सातवा महिना आहे. बाळ ठीक आहे का, हे सोनोग्राफीत जेवढं दिसतं तेवढंच आम्हाला माहीत आहे, आणि मेंदूचं सगळं काही सोनोग्राफीत दिसत नाही. म्हणजे आम्हाला वाट पाहायची आहे. पण आता ती एकटी वाट पाहत नाही. परवा आत्याचा पुन्हा फोन आला होता, ब्रँडीचं विचारायला. फोन आईने घेतला. आई म्हणाली, "नको हो, आम्ही नाही देत. का ते सांगते, बसलाय ना निवांत?"